पाणी पिऊन बसा

टिळक रोडच्या त्या सेंटरात
बाटल्या संपवून बसलोय आम्ही सातजणी,
पाय आवळून, नजर दाराकडे.
भिंतीवर एक पाटी कायद्याची:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
तिच्याखाली दुसरी, सेंटरवाल्यांची:
नंबर कधी येईल विचारू नये,
घाईची सगळ्यांनाच लागली आहे.

चार महिने झाले.
आई अजून तिच्याच शब्दांत विचारते,
दाराआडून, हळू:
कावळा शिवला का गं?
नाही, म्हणते मी.
दुसऱ्या दिवशी परत विचारते.

सगळ्यात आधी ओळखलं शमाने,
धायरी फाट्यावरच्या पार्लरात,
हनुवटीवर दोरा ओढता ओढता:
आता दर आठवड्याला यायला लागलीस.
डॉक्टरला दाखव बाई, माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.
घरच्या डॉक्टरांनी मात्र
मान वर न करता सांगितलं होतं,
लग्न झालं की लागेल सगळं मार्गी.

रक्त परवाच दिलं, उपाशीपोटी.
पिवळ्या टोपणाच्या दोन नळ्या, एक करडी, एक जांभळी.
यादीत टेस्टोस्टेरॉन वाचून आई म्हणाली,
हे पुरुषांचं चुकून लिहिलंय का?
बत्तीसशे रुपये.
पावती तिने चौघडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

वृषाली पोकळे!
चार पिढ्या हेच आडनाव,
आज पहिल्यांदा त्याचं हसू आलं.
आत अंधार. लग्न झालंय?
नाही.
मग पोटावरूनच बघू, म्हणाल्या डॉक्टर अत्तार,
आणि गार जेल ओतलं
आणि नेमकं तिथेच दाबलं.

हे बघ, त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला,
आमच्यात याला मोत्यांची माळ म्हणतात.
मला मोती दिसेनात.
सहा वर्षं नऱ्ह्याच्या वर्कशॉपात मापं घेते मी,
मला दिसलं बेअरिंग.
कडेकडेने बसलेले काळे गोल, एकाला एक लागून.
त्या मोजत होत्या, सहा, आठ, साडेसात,
माझा हात उगाच व्हर्नियर शोधत होता.
बेअरिंगातून एक गोळी निसटली
तर मी लाल टॅग लावते.
इथे महिन्याला एकीने निसटायचं असतं.
एकही निसटत नाही, हा दोष.

रक्ताचे आकडे आणि हे चित्र
त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं.
मग एकेक अक्षर करून नाव आलं,
पी. सी. ओ. एस.
मूल? आई विचारणार म्हणून मीच विचारलं.
होतं. कधी औषधाने, कधी तसंच. तुला आत्ता हवंय?
नको.
मग आत्ता चालायला लाग, रोज.
हवंय का, हे आजवर
कुणी विचारलंच नव्हतं मला.

त्यानंतर बाथरूममधली ती दोन मिनिटं.
काय सांगू.

बाबांच्या दहाव्याला, ओंकारेश्वराच्या घाटावर
तासभर कावळा शिवेना.
काका बोलले, पोळेगुरुजी बोलले,
घड्याळं बघून झाली.
शेवटी आईने हात जोडले:
वृषालीचं लग्न लावून देईन,
नातवंडं मांडीवर घेईन.
तो आला, भाताला चोच लावून गेला.
सगळे सुटल्यासारखे उठले.
मी तिथेच उभी होते,
चपला शोधत.

स्वारगेटहून बस.
आई खिडकीशी, फाइल तिच्या मांडीवर.
राजाराम पुलापर्यंत काही बोलली नाही.
मग म्हणाली, ह्यांना आता काय सांगू मी?
सांग, तपासून आलो.
एवढंच?
तेवढंच खरं आहे.

वडगावला ती अचानक उठली.
अगं, आपला स्टॉप पुढे आहे.
चल, म्हणाली, चालायला सांगितलंय ना.
उड्डाणपुलाखालून, फाइल काखेत धरून
पुढे पुढे.
तिच्या चपलेचा अंगठा तुटायला आलेला.
मी हळू चालले.